पाच मार्कांचं तिकीट आणि लोकांची गाडी

आज मी तुम्हाला एका बचतकार्डाची गोष्ट सांगणार आहे. कार्ड आपल्याकडचं नाही, जर्मनीतलं आहे आणि ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचं आहे. दर आठवड्याला पाच मार्क भरायचे, त्याचं एक तिकीट मिळायचं, ते कार्डावर चिकटवायचं. कार्डं भरत गेली आणि गाडीची पूर्ण किंमत जमा झाली, की सरकार तुम्हाला चारचाकी देणार. त्या गाडीचं नाव पुढे फोक्सवॅगन झालं. जर्मन भाषेत ‘फोक’ म्हणजे लोक आणि ‘वागन’ म्हणजे गाडी. लोकांची गाडी.

ही कंपनी आपल्याला अगदीच परकी नाही. चाकणला तिचा कारखाना आहे. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुलं त्या पट्ट्यात कामाला जातात. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यालाही याच समूहाच्या स्कोडा गाड्यांचा कारखाना आहे. तेव्हा नाव ऐकलेलं असतं, गोष्ट मात्र ठाऊक नसते. मला स्वतःला या गोष्टीत गाडीपेक्षा कार्डाचं जास्त वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. तेव्हा तिथे गाडी ही पैसेवाल्यांची चैन होती. कामगार सायकलने नाहीतर आगगाडीने जायचा. हिटलरने जाहीर केलं की प्रत्येक कामगाराला परवडेल अशी गाडी बनवू. फर्डिनांड पोर्शे नावाच्या इंजिनिअरला १९३४ मध्ये ते काम मिळालं. किंमत हजार मार्कांच्या आत बसवायची होती, ती ठरली ९९०. त्या वेळी कामगाराचा आठवड्याचा पगार तीस मार्कांच्या आसपास असायचा, म्हणजे सात-आठ महिन्यांची सगळी कमाई झाली. लहान, गोलसर, इंजिन मागच्या बाजूला, आणि ते इंजिन वाऱ्यानेच थंड व्हायचं. पाणी घालायची गरज नाही, त्यामुळे थंडीत पाणी गोठण्याची भीती नाही. अशा स्वस्त छोट्या गाडीची कल्पना एकट्या पोर्शेची नव्हती. योसेफ गांझ नावाचा एक ज्यू इंजिनिअर हेच वर्षानुवर्षं लिहून सांगत होता. १९३३ मध्ये त्याला अटक झाली, पुढे देश सोडावा लागला आणि तो ऑस्ट्रेलियात वारला. त्याचं नाव कित्येक वर्षं कोणी घेतलं नाही.

कारखाना बांधायला पैसा कुठून आला, हे नीट ऐका. मे १९३३ मध्ये नाझी सरकारने सगळ्या कामगार संघटना मोडून काढल्या आणि त्यांची कार्यालयं, इमारती, खाती जप्त केली. कामगारांनी वर्गणी भरून उभा केलेला तो पैसा. त्यांच्या जागी सरकारने स्वतःची एक ‘श्रम आघाडी’ उभी केली आणि जप्त केलेली मालमत्ता तिच्या ताब्यात दिली. त्याच मालमत्तेतून फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहू लागला. २६ मे १९३८ रोजी हिटलरने कोनशिला बसवली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बचत योजना निघाली. आता या योजनेचे नियम सांगते, आणि तुम्ही आपल्या गटाचे नियम शेजारी ठेवून ऐका. जमा पैशावर व्याज नाही. गाडी नक्की कधी मिळेल त्याची तारीख नाही. कार्ड दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मधेच बाहेर पडायचं म्हटलं तर मार्ग जवळजवळ बंद. पैसा कुठे ठेवला, कशावर खर्च झाला हे विचारायला सभासदांची बैठक नाही. आणि विचारणार कोणाला? ज्याने कार्ड काढलं तोच सरकार, तोच पोलीस.

तरीही सुमारे ३ लाख ३६ हजार माणसांनी कार्डं घेतली. पंचवीस कोटी मार्कांहून जास्त रक्कम जमली. त्यांना भोळं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला तसं म्हणवत नाही. शिस्तीत बचत करणारी ती माणसं होती. दर आठवड्याला नेमाने तिकीट चिकटवणं सोपं नसतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्या भागातही दामदुपटीच्या योजना येऊन गेल्या, आणि त्यात पैसे घालणाऱ्या बाया आळशी नव्हत्या. उलट महिन्याचा हप्ता कधी न चुकवणाऱ्याच जास्त होत्या.

१ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झालं. बचत करणाऱ्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. एकालाही नाही. युद्ध संपेपर्यंत तशा साध्या गाड्या साधारण ६३० बनल्या, त्या बड्या पुढाऱ्यांकडे आणि अधिकाऱ्यांकडे गेल्या. कारखान्यात लष्करासाठी उघड्या जीपसारख्या गाड्या बनू लागल्या, त्या पन्नास हजारांवर गेल्या. शिवाय विमानांचे सुटे भाग, उडते बॉम्ब. लोकांची तिकिटं मात्र युद्धातही खपत राहिली.

आता कामाला माणसं कुठून आणायची? पुरुष आघाडीवर गेलेले. मग पोलंड, युक्रेन, रशिया अशा जिंकलेल्या मुलुखातून माणसं धरून आणली. युद्धकैदी आणले, छळछावण्यांतले कैदी आणले. युद्धाच्या काळात सुमारे वीस हजार माणसांना या कारखान्यात सक्तीने राबवलं गेलं. त्यांत बायका खूप होत्या. युक्रेनमधल्या खेड्यापाड्यांतल्या तरुण मुली होत्या, आउश्वित्झच्या छावणीतून आणलेल्या हंगेरीच्या ज्यू बायकाही होत्या.

पुढचं सांगताना मला जड जातं, पण सांगायला हवं. या राबणाऱ्या बायकांना मुलं झाली, तर ती थोड्याच दिवसांत त्यांच्यापासून काढून घेत, कारण आईने मशीनवर परत यायला हवं. मुलांसाठी कारखान्याने एक पाळणाघर चालवलं होतं, ते १९४४ मध्ये जवळच्या रूहन या गावी बराकींत हलवलं. नाव पाळणाघर. तिथे घाण होती, ढेकूण होते, दूध पुरेसं नव्हतं, रोग पसरले होते. साडेतीनशेहून जास्त तान्ही मुलं तिथे मेली. औषधपाण्याची जबाबदारी कारखान्याच्या डॉक्टरवर होती. युद्धानंतर १९४६ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली आणि १९४७ मध्ये ती अमलात आली. त्या आयांपैकी कोणी कारखान्याच्या वहीत नावाने नोंदलेली असेल, कोणी नुसत्या नंबराने. आपल्या भागातल्या उसाच्या फडावर झोळीत बाळ ठेवून कोयता चालवणारी बाई मी पाहिलेली आहे. तिचंही हाल असतात, पण बाळ तिच्या नजरेसमोर असतं.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य आलं, नंतर तो भाग ब्रिटिशांकडे गेला. कारखान्याभोवतीच्या गावाला वुल्फ्सबुर्ग हे नाव तेव्हाच मिळालं. बॉम्बने छपरं उडालेली, कामगार उपाशी. आयव्हन हर्स्ट नावाचा एक तरुण ब्रिटिश मेजर तिथे नेमला गेला. त्याने एक जुनी गाडी शोधली, तिला लष्करी हिरवा रंग दिला आणि वरिष्ठांना दाखवायला पाठवली. ब्रिटिशांना गाड्यांची गरज होतीच. त्यांनी २० हजारांची मागणी नोंदवली. १९४५ संपेपर्यंत जेमतेम ५५ गाड्या बनल्या, पण कारखाना वाचला. आधी तो मोडून टाकण्याचा विचार चालला होता. इंग्लंडच्या गाडीवाल्यांनी ती गाडी पाहिली आणि हिला कोण विचारतंय असा शेरा दिला. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीनेही तो कारखाना घेतला नाही.

पुढची गोष्ट झटपट सांगते, कारण यशाच्या गोष्टी सगळीकडे छापून येतात. १९४८ पासून हाइनरिख नोर्डहोफ हे प्रमुख झाले. दुरुस्तीची सोय जागोजागी, सुटे भाग हमखास मिळणार, यावर त्यांचा भर होता. १९५५ मध्ये दहा लाखावी गाडी निघाली. लोक तिला तिच्या गोल पाठीवरून ‘भुंगेरा’ म्हणू लागले, इंग्रजीत बीटल. १९७२ मध्ये तिने फोर्डच्या जुन्या ‘मॉडेल टी’चा दीड कोटींचा विक्रम मोडला. शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली, तोवर २ कोटी १५ लाखांवर गाड्या बनल्या होत्या. मजबूत, साधी, फसवणार नाही अशी गाडी, ही त्या कंपनीची ख्याती झाली.

मालकी कोणाची, हेही ऐकण्यासारखं आहे. कारखान्याला युद्धानंतर मालकच नव्हता. कारण पैसा कामगार संघटनांचा, आघाडी बरखास्त. १९४९ मध्ये ब्रिटिशांनी तो जर्मन सरकारकडे सोपवला. १९६० मध्ये भाग सामान्य लोकांना विकले, पण त्या प्रांताच्या सरकारने, म्हणजे लोअर सॅक्सनीने, आपला वाटा ठेवला. आजही पाचवा हिस्सा मतं त्या प्रांताकडे आहेत. आपल्या सहकारी साखर कारखान्यांत सरकारी भागभांडवल असायचं, तसंच काहीसं. अर्ध्याहून जास्त मतं मात्र पोर्शे आणि पीएख या घराण्यांच्या हातात आहेत, म्हणजे त्याच पोर्शेच्या नातवंडा-पतवंडांच्या.

मग कार्डवाल्यांचं काय झालं? त्यांचा पैसा बर्लिनमधल्या बँकेत होता, तो युद्ध संपताना रशियनांनी नेला. रस्त्यावरून बीटल धावताना दिसू लागल्या तसे जुने सभासद कार्डं घेऊन उभे राहिले. त्यांनी संघटना बांधली, कोर्टात गेले. कंपनी म्हणाली, करार आमच्याशी नव्हता, श्रम आघाडीशी होता, आणि ती आता नाही. खटले वर्षानुवर्षं चालले. अखेर १९६१ मध्ये तडजोड झाली. नवी गाडी घेतलीत तर जास्तीत जास्त ६०० मार्क सूट, नको असेल तर रोख १०० मार्क. नवी गाडी तेव्हा चार हजार मार्कांच्या घरात होती. ज्याने पूर्ण पैसे भरले होते त्यालाही तेवढंच. कोर्टाच्या भाषेत याला न्याय म्हणत असतील.

राबवलेल्या माणसांना त्याहून उशीर लागला. कंपनीने १९८६ मध्ये हान्स मॉम्सेन या इतिहासकाराकडे काम सोपवलं आणि १९९६ मध्ये त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात काही लपवलेलं नव्हतं, हे कंपनीच्या बाजूने म्हणायला हवं. १९९८ मध्ये, खटल्यांची चिन्हं दिसू लागल्यावर, जिवंत उरलेल्यांसाठी २ कोटी मार्कांचा निधी काढला. पंचावन्न वर्षं गेली होती. विशीतल्या मुली पंच्याहत्तरीच्या झाल्या होत्या.

आणि मग २०१५ आलं. डिझेल गाड्यांच्या धुरात नायट्रोजनचे घातक वायू असतात, दम्याच्या माणसाला ते फार बाधतात. अमेरिकेत त्यावर कडक मर्यादा आहे. कंपनी जाहिरातीत म्हणायची, आमचं डिझेल स्वच्छ. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने डिकीत यंत्रं बसवून गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. त्या गटात हेमंत कप्पण्णा आणि अरविंद तिरुवेंगडम हे दोन भारतीय तरुण होते. प्रयोगशाळेत गाडी पास होत होती, रस्त्यावर मात्र धूर मर्यादेच्या कितीतरी पट निघत होता. कारण गाडीतल्या संगणकाला शिकवून ठेवलं होतं. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे तपासणी चालू आहे, तेव्हा धूर आवर. रस्त्यावर आलं की सोडून दे. स्वच्छता अभियानाची समिती येणार म्हटलं की दोन दिवसांत गाव लखलखतं, आणि समितीची जीप वळली की परत उकिरडा रस्त्यावर. अगदी तेच, फक्त हे जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत केलेलं होतं. काही गाड्यांचा धूर मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत गेल्याचं अमेरिकी सरकारने १८ सप्टेंबर २०१५ ला जाहीर केलं. पाच दिवसांत कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. दंड, भरपाई, गाड्या परत घेणं, सगळं मिळून कंपनीला ३० अब्ज युरोंहून जास्त खर्च आला.

आपल्या देशातही सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि सक्तीची कारवाई करू नये असा आदेश मिळवला.

चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तिथे बनणाऱ्या पोलो गाड्या २०२२ पर्यंत निघत होत्या, आता दुसऱ्या नावांच्या निघतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्या जहाजाने परदेशी जातात, आणि मेक्सिको हा त्यांचा मोठा गिऱ्हाईक आहे. शेवटची बीटल जिथे बनली, तोच मेक्सिको.