यूई : छपराचे ऋण आणि घराण्यांचा हिशेब

१/
जपानच्या गिफू प्रांतात शो नदीच्या खोऱ्यात शिराकावा-गो नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे एका मोठ्या घराचे गवती छप्पर बदलायचे, तर शंभर-दोनशे माणसांचे हात लागत. ज्या घरात केवळ वृद्ध दांपत्य उरले आहे, त्याने एवढी माणसे आणायची कोठून? गावाने शोधलेले उत्तर म्हणजे 'यूई', अर्थात घरटी श्रमांची देवघेव.

२/
आधी घराविषयी. या घरांना 'गाश्शो-झुकुरी' म्हणतात. गाश्शो म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. छप्पर तसेच, सुमारे ६० अंशांच्या उताराचे, कारण हिवाळ्यात येथे माणूसभर उंचीचा बर्फ साचतो. छपराच्या सांगाड्यात लोखंडी खिळा नाही; सारे वासे दोरांनी आणि लवचिक कोवळ्या खोडांनी आवळलेले. माळ्यावर रेशमाचे किडे पाळले जात. खाली चुलाणाचा धूर सतत वर चढत राही, त्यामुळे गवताला कीड लागत नसे. तरीही तीस-चाळीस वर्षांनी छप्पर बदलावेच लागे.

३/
काम एका दिवसात उरकावे लागे, कारण उघड्या घरावर पाऊस आला तर सारेच बुडाले. शरदात कापून वाळवलेले उंच गवत, दोर आणि काठ्या आधीच गोळा केलेल्या असत. पुरुष उतारावर ओळीने चढत. स्त्रिया गवताच्या पेंढ्या पोहोचवीत आणि शेकडो माणसांचा स्वयंपाक सांभाळीत. गवत शिवण्यासाठी लांबलचक सुई बाहेरून आत खुपसली जाई. माळ्याच्या अंधारात बसलेला माणूस तिचा दोर वाशाभोवती फिरवून पुन्हा बाहेर काढून देई. पाहणाऱ्यांच्या नजरेत भरे तो छपरावरचा मेळा. पण आतला तो माणूस चुकला, तर छप्पर सुटे. संध्याकाळी यजमानाघरी सर्वांची मेजवानी होई.

४/
आता मुख्य गोष्ट. कोणत्या घराने किती गवत दिले, किती दोर दिले, किती माणसे किती दिवस पाठविली, हे सारे 'यूई-चो' नावाच्या वहीत लिहिले जाई. हिशेब व्यक्तीचा नव्हे, घराचा. छपराचे आयुष्यच तीस-चाळीस वर्षांचे असल्याने परतफेड बहुधा पुढची पिढी करी. तरुणपणी इतरांच्या छपरांवर राबलेला माणूस म्हातारपणी शिडी चढू शकला नाही, तरी त्याच्या घराचे येणे वहीत शिल्लक असे. शेजारचे कुटुंब त्याच्या दारी येई, ते दया म्हणून नव्हे, ऋण फेडण्यासाठी. त्यामुळे मदत घेणाऱ्याची मान खाली जात नसे.

५/
मराठी वाचकाला येथे 'सावड' आठवेल : आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. शेजाऱ्यांनी नांगर-बैल घेऊन एका दिवसात एकाचे काम उरकायचे आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे, ही 'इर्जिक'. यूई सावडीच्या अधिक जवळची. फरक मुदतीचा : सावड बहुधा हंगामात फिटते, यूई फिटायला पिढी जाते.

६/
पर्यटकांना दाखविले जाणारे यूईचे गोड चित्र मात्र अर्धेच खरे आहे. ही ऐच्छिक सेवा नव्हती. जपानी खेड्यांत 'मुरा-हाचिबू' नावाचा बहिष्कार असे. त्याचा प्रचलित अर्थ असा, की आग आणि अंत्यविधी वगळता इतर आठ प्रसंगी त्या घराशी संबंध तोडायचे. त्या आठांत घरबांधणीही येते. दोनशे हातांवाचून ज्याचे छप्परच उभे राहत नाही, त्याला गावाशी वाकडे घेणे परवडणारे नव्हते. वृद्धांची शाश्वती आणि तरुणांवरची सक्ती एकाच वहीत होती.

७/
विसाव्या शतकात ही वही फाटली. १९२४ साली सुमारे ३०० असलेली गाश्शो घरे १९६१ पर्यंत १९० वर आली. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाने काही वस्त्या बुडविल्या. काही घरे विकली गेली आणि सुटी करून शहरांकडे नेली गेली. त्यांतले एक आज योकोहामाच्या सांकेइएन उद्यानात उभे आहे. तरुण शहरांत गेले. फेडणारेच गेल्यावर येणे वसूल कोणाकडून करायचे?

८/
१९७१ मध्ये ओगिमाची गावकऱ्यांनी घरांबाबत तीन नियम ठरविले : विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. १९९५ मध्ये युनेस्कोने शिराकावा-गो आणि शेजारच्या गोकायामाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आता बहुतेक छपरे सरकारी अनुदानातून प्रशिक्षित कारागीर शाकारतात.

९/
२००१ साली मात्र तेथील नागासे घराण्याच्या घराचे छप्पर जुन्या पद्धतीने, यूई करून बदलले गेले. सुमारे ५०० माणसे राबली. गावकऱ्यांबरोबर बाहेरून आलेले स्वयंसेवकही होते. या पाहुण्यांचे गावात छप्परच नव्हते. त्यांच्या श्रमांची परतफेड कशी करायची, याला जुन्या वहीत रकाना नव्हता.