मैदानावरची मैफल आणि फूड ट्रक: ऑर्डर देण्याआधी काय बघायचं? राज्याराज्यांत नियम काय?

फूड ट्रक म्हणजे चाकांवरचं स्वयंपाकघर. नाव नवं असलं तरी प्रकार आपल्याला जुनाच आहे. गोव्यात संध्याकाळी रस-ऑम्लेटचा गाडो लागतो, इंदूरला सकाळी पोह्याचा ठेला, बेळगावात कोपऱ्याकोपऱ्यावर गोबीची गाडी. ट्रकमध्ये शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी असं सगळं एका छपराखाली असतं आणि कॉन्सर्टच्या वेळी तो एक-दोन रात्रींपुरता मैदानात येऊन उभा राहतो. चौकातल्या गाडीवाल्याला उद्या त्याच गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचं असतं. मैदानावरच्याला ती धास्ती नसते.

गेल्या काही वर्षांत अशा मैफली सीमाभागातल्या आणि राज्याबाहेरच्या मराठी माणसाच्या अगदी दारात आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सनबर्न पेडणे तालुक्यातल्या धारगळला झाला, म्हणजे सावंतवाडी-बांद्याच्या पोरांना तासाभराच्या आत. दिलजीत दोसांझचे कार्यक्रम त्याच हिवाळ्यात हैदराबाद, पुणे आणि इंदूरला झाले. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले अहमदाबादला आलं, ते वडोदऱ्याहून फार लांब नाही. मोठ्या कॉन्सर्टला सहसा बाहेरचा डबा आत नेऊ देत नाहीत आणि एकदा बाहेर पडलं की पुन्हा प्रवेश नसतो. पाच-सहा तास उभं राहायचं, नाचायचं, मग भूक लागणारच. पर्याय आतल्या स्टॉलचा किंवा ट्रकचाच.

गोबी, रंग आणि मेयोनीज

ट्रकवरचे पदार्थ साधारण तेच असतात: मोमो, शोरमा, बर्गर, फ्राईज, रोल, गोबी मंच्युरियन. नेमक्या यातल्याच काहींवर अलीकडे वेगवेगळ्या राज्यांत कारवाई झाली आहे आणि लोकांच्या मनात तिचा गोंधळ आहे.

कर्नाटकात ‘गोबीवर बंदी’ आहे असं बेळगाव-निपाणीकडे अजून बोललं जातं. तसं नाही. मार्च २०२४ मध्ये तिथल्या सरकारने गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, आणि कॉटन कँडीत म्हणजे ‘म्हातारीच्या केसां’त वापरल्या जाणाऱ्या रोडामाईन-बी या रंगावरही. तपासलेल्या गोबीच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये असुरक्षित कृत्रिम रंग सापडले होते. जून २०२४ मध्ये कबाबमधले कृत्रिम रंगही बंद झाले. गोबी विकायला हरकत नाही, ती लालभडक करायला आहे.

गोव्यात मात्र थेट स्टॉलवरच बोट ठेवलं गेलं. २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या फेरीत गोबीच्या स्टॉलना आळा घाला, असं एफडीएने मुरगाव पालिकेला सांगितलं. २०२४ च्या सुरुवातीला बोडगेश्वराच्या जत्रेच्या निमित्ताने म्हापसा पालिकेने हे स्टॉल बंद करायचं ठरवलं. कारण रंगाचं आणि अस्वच्छतेचं. ही पालिकेची बंदी आहे, अख्ख्या गोव्याची नाही.

तेलंगणाची गोष्ट जास्त गंभीर. हैदराबादेत मोमो खाऊन अनेक लोक आजारी पडले आणि एका महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर ३० ऑक्टोबर २०२४ ला कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एक वर्षासाठी बंदी आली. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो आणि शिजवलं नाही तर तो मरत नाही. दुपारी चारला भरलेली मेयोनीजची बाटली रात्री दहापर्यंत उघड्यावर राहिली तर काय होईल, यासाठी बंदीची वाट बघायला नको. मोमो-शोरम्याला ‘मेयो नको’ म्हणणं कुठल्याही राज्यात शहाणपणाचं. पाकीटबंद, अंडं नसलेलं मेयोनीजही उघडल्यावर फ्रीजमध्येच राहायला हवं.

राज्य कुठलंही असो, रोडामाईन-बी खाद्यरंग म्हणून देशात कुठेच मान्य नाही. तो कापड आणि कागद रंगवायचा रंग आहे.

ट्रकसमोर उभं राहिल्यावर

पहिली गोष्ट, एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक. छोट्या विक्रेत्याला नोंदणी लागते, मोठ्याला परवाना, आणि तात्पुरत्या स्टॉललाही यातून सूट नाही. क्रमांक १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर नोंदणी. राज्याने दिलेल्या क्रमांकात पुढचे दोन आकडे राज्य सांगतात: महाराष्ट्र १५, कर्नाटक १२, मध्य प्रदेश १४, गुजरात ०७. बेळगावच्या मैदानात कोल्हापूरचा ट्रक दिसला तर क्रमांक महाराष्ट्राचा असू शकतो, तेवढ्यावरून तो बनावट ठरत नाही. बोर्ड लावलेलाच नसेल तर मात्र दुसरा ट्रक बघावा.

दुसरं, तापमान. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवायचा, हा सगळीकडचा नियम. थर्मामीटर घेऊन कोणी कॉन्सर्टला जात नाही, पण वाफ दिसते. एक बँड उतरून दुसरा चढेपर्यंतच्या वेळात सगळी गर्दी ट्रककडे धावते, आणि तेव्हा हाताशी आधी तळून ठेवलेला ढीग असतो. बँड चालू असताना गेलं तर रांग कमी आणि ताजं तळून मिळण्याची शक्यता जास्त. एक गाणं चुकेल, चालायचंच. चार-पाचच पदार्थ विकणारा ट्रक हा पंजाबी ते पास्ता सगळं देणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा, कारण त्याचा माल लवकर संपतो. पैसे घेणारा आणि अन्न हाताळणारा माणूस एकच आहे का, हात धुवायला पाणी आहे का, हेही बघून घ्यावं. वर्तमानपत्रात गुंडाळून देत असेल तर तेही नियमात बसत नाही.

पैसे

ट्रकवाला आयोजकाला जागेचं भाडं किंवा विक्रीतला वाटा देतो, म्हणून बाहेर शंभरला मिळणारा रोल आत महाग पडतो. ताज्या पदार्थाचा दर विक्रेता ठरवू शकतो, फक्त तो बोर्डावर आधी दिसायला हवा. बंद बाटलीवर एमआरपी असते. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटना बाटली एमआरपीपेक्षा जास्त दराने विकायला मुभा दिली, कारण तिथे बसायची सोय आणि सेवा असते. नुसती बाटली हातात टेकवणाऱ्या स्टॉललाही ती मुभा मिळते असं सरसकट म्हणता येत नाही.

मनगटी पट्ट्यात पैसे भरायला लावत असतील तर उरलेली रक्कम कधी आणि कशी परत मिळणार, हे भरण्याआधी विचारावं. गर्दीत नेटवर्क बसलं की यूपीआय अडकतं. खिशात थोडी रोकड असावी.

पोट बिघडलं तर

त्रास लगेच होतोच असं नाही. काही जिवाणूंचं विष तासाभरात उलट्या काढतं, साल्मोनेलाला मात्र सहा तासांपासून काही दिवसही लागतात. तोवर माणूस घरी, बऱ्याचदा दुसऱ्या राज्यात, पोचलेला असतो. म्हणून बिल आणि ट्रकच्या बोर्डाचा फोटो ठेवावा. रक्त पडत असेल, ताप चढत असेल किंवा पाणीही पोटात टिकत नसेल तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरकडे जावं.

अन्न खराब असल्याची तक्रार जिथे खाल्लं त्या राज्याच्या अन्न सुरक्षा विभागाकडे जाते. त्यासाठी ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲप किंवा १८००-११२-१०० हा क्रमांक आहे. दराची तक्रार असेल तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. भरपाईसाठी मात्र परराज्यात खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो. धारगळला खाल्लं आणि घर सावंतवाडीत असेल, तर दावा सिंधुदुर्गात चालतो.