झाकलेली जात : जपानी कौटुंबिक नाट्य आणि वऱ्हाडचा अनुभव

जपान म्हटले की आपल्या समाजाच्या मनात आदराची भावना जागी होते. बौद्ध संस्कृतीचे जतन केलेले राष्ट्र म्हणून आपण त्याच्याकडे पाहतो. नागपूरला कर्मभूमी मानणाऱ्या भदन्त सुरेई ससाई यांच्यामुळे हे नाते विदर्भाच्या घराघरांत पोहोचले आहे. परंतु आदर वेगळा आणि अभ्यास वेगळा. ज्या देशात शतकानुशतके बुद्धाचे नाव घेतले गेले, त्या देशात माणसाच्या जन्मावरून त्याला दूर ठेवण्याची प्रथा कशी टिकली, हा प्रश्न आंबेडकरी बौद्धांना टाळता येणार नाही. कारण या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपण आपल्याच ओसरीवर येऊन पोहोचतो. प्रस्तुत लेखात त्या दिशेने थोडा विचार करावयाचा आहे.

एखाद्या समाजाचे मन पाहावयाचे असेल तर तो समाज संध्याकाळी घरी बसून कोणती गोष्ट पाहतो, हे पाहावे. जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक नाट्याला फार मोठे स्थान आहे. एन.एच.के. या संस्थेने एप्रिल १९८३ ते मार्च १९८४ या काळात २९७ भागांची ‘ओशिन’ ही मालिका दाखविली. सुगाको हाशिदा यांनी ती लिहिली होती. तिला सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षकवर्ग लाभला आणि पुढे ती साठांहून अधिक देशांत दाखविली गेली. पोटाला अन्न नाही म्हणून तांदळाच्या एका पोत्याच्या मोबदल्यात सात वर्षांच्या मुलीला परक्या घरी कामाला धाडले जाते, येथून ती कथा सुरू होते. पुढे हीच मुलगी विवाहानंतर सासरच्या घरी सासूचा असह्य छळ सोसते. शेतमजुरीवर जगलेल्या आपल्या आजी-पणजींच्या आयुष्याशी ही कथा किती जवळची आहे, हे निराळे सांगावयास नको.

त्याच्या आधी, १९७९ साली सुरू झालेल्या ‘किन्पाची सेन्सेई’ या शालेय मालिकेने पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मातृत्वाचा प्रश्न मांडला. १९९२ च्या एका गाजलेल्या मालिकेत ठरवून झालेला विवाह आणि आईच्या मुठीत राहिलेला नवरा हा विषय आला. त्या नवऱ्याचे ‘फुयुहिको’ हे नाव जपानी बोलण्यात अशा पुरुषांसाठी सामान्यनामच होऊन बसले. १९९३ साली शिक्षक-विद्यार्थिनी संबंध आणि घरातच होणारे लैंगिक शोषण हेही पडद्यावर आले. तात्पर्य, ज्या गोष्टी कुजबुजीतच बोलल्या जात होत्या, त्या जपानी नाटककारांनी दिवाणखान्यात आणून ठेवल्या. हे धैर्य कौतुकास्पद आहे.

मात्र एक गोष्ट या दिवाणखान्यात क्वचितच आली. विवाह ठरविताना मुलाचे वा मुलीचे मूळ गाव कोणते, पूर्वज कोण, याची गुपचूप चौकशी होते आणि त्या चौकशीत ‘बुराकू’ हा शब्द निघाला की सोयरीक मोडते, ही गोष्ट लोकप्रिय मालिकांनी बहुधा दाराबाहेरच ठेवली. सासू आली, हुंडाबाजारी मने आली, अभागी प्रेम आले. पण जात आली नाही.

बुराकू म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. तोकुगावा राजवटीत मृत जनावरांची विल्हेवाट, चामड्याचे काम, देहदंडाच्या वेळची कामे करणाऱ्यांना समाजरचनेच्या बाहेर ठेवण्यात आले. ‘एता’ म्हणजे अत्यंत मलिन आणि ‘हिनिन’ म्हणजे माणूस नसलेला, ही त्यांची नावे. त्यांची वस्ती वेगळी, विवाहसंबंध वेगळे. गावाबाहेरचा महारवाडा आणि मृत जनावर ओढण्याची सक्ती ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना याहून अधिक वर्णनाची गरज नाही. १८७१ साली शासनाने ही नावे कायद्याने रद्द केली. पण १८७२ च्या कुटुंबनोंदवहीत कित्येकांच्या नावापुढे ‘नवा सामान्यजन’ अशी नोंद झाली आणि जुना डाग नव्या शाईने पुन्हा उमटला. ही जुनी नोंदवही सर्वांना पाहण्यास बंद करण्यासाठी १९६८ साल उजाडावे लागले. १९७५ साली तर असे उघडकीस आले की, बुराकू वस्त्यांच्या गावांची गुप्त यादी छापून ती कंपन्यांना विकली जात होती. उमेदवाराचे गाव त्या यादीत सापडले की नोकरी नाकारावयाची, असा तो व्यवहार होता.

या दुःखाची सर्वांत परिणामकारक कथा दूरचित्रवाणीने नव्हे, तर एका कादंबरीने सांगितली. तोसोन शिमाझाकी यांची ‘हाकाई’ ही कादंबरी १९०६ साली प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ, मोडलेली आज्ञा. उशिमात्सु हा तरुण शाळामास्तर. त्याचा बाप डोंगरात गुरे राखतो आणि मुलाला एकच आज्ञा देऊन ठेवतो : काहीही झाले तरी आपले कूळ कोणाला सांगू नकोस. बापाच्या दृष्टीने ही मायाच होती. परंतु त्या मायेच्या ओझ्याखाली मुलगा रोज थोडा थोडा मरत जातो. आपली जात उघडपणे सांगणाऱ्या रेन्तारो या विचारवंताचे ग्रंथ तो लपून वाचतो. रेन्तारोचा खून होतो, तेव्हा उशिमात्सुचा धीर सुटतो आणि त्याचबरोबर त्याला धीर येतोही. तो वर्गात विद्यार्थ्यांसमोर आपले कूळ सांगतो. पण सांगताना तो गुडघे टेकतो आणि इतके दिवस लपविल्याबद्दल क्षमा मागतो. या कथेवर १९४८ साली केइसुके किनोशिता यांनी आणि १९६२ साली कोन इचिकावा यांनी चित्रपट काढले. २०२२ सालीही ती पुन्हा पडद्यावर आली.

मराठी वाचकाला येथे बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या कथासंग्रहाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथेही एक तरुण परक्या शहरात राहावयास खोली मिळावी म्हणून जात झाकतो. दोन देश, दोन भाषा, पण घुसमट एकच. तरीही एक प्रश्न उरतो. क्षमा कोणी मागावयाची? ज्याला लपविणे भाग पडले त्याने, की ज्यांनी ते भाग पाडले त्यांनी? जपानमधील शोषित समाजाने याचे उत्तर लवकरच दिले. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे ‘सुइहेइशा’ म्हणजे समतेची संघटना स्थापन झाली. तिची घोषणा मांकिची साइको या तरुणाने लिहिली. तो स्वतः एका बौद्ध मंदिराच्या घरात जन्मला होता. त्या घोषणेत लाचारी नव्हती. आपण कोण आहोत हे अभिमानाने सांगण्याचा दिवस आला आहे, असा तिचा आशय होता. या संघटनेने होंगान्जी पंथाच्या मठांना देणग्या देण्याचेही नाकारले.

देणग्या का नाकारल्या, हे बौद्ध म्हणून आपण नीट समजून घेतले पाहिजे. बुराकू लोकांची मंदिरे वेगळी आणि कनिष्ठ मानली जात. मृत्यूनंतर दिल्या जाणाऱ्या धर्मनामातही हीनत्व सुचविणारी अक्षरे घालून ती थडग्यांवर कोरली गेली. म्हणजे मरणानेही सुटका नव्हती. १९७९ साली प्रिन्स्टन येथील जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाचे तत्कालीन प्रशासकीय प्रमुख मुनेओ माचिदा यांनी, जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. त्यावर बुराकू संघटनांनी तीव्र निषेध केला. १९८४ च्या नैरोबी परिषदेत माचिदा यांनी आपले विधान मागे घेतले आणि त्या पंथाने आपल्या इतिहासाची तपासणी सुरू केली. बुद्धाच्या नावाने चाललेली संस्थाही जातीची राखण करू शकते आणि जागी झाली तर चूक कबूलही करू शकते, असे दोन्ही धडे यात आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जपानमध्ये चातुर्वर्ण्य नाही, मनुस्मृती नाही. मग हा भेद टिकला कसा? याचे उत्तर बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात दिले होते. जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे, हा त्यांचा सिद्धान्त. एखाद्या गटाने आपल्या मुलामुलींच्या विवाहाची दारे बंद केली की जात जन्मते आणि ती दारे बंद आहेत तोवर ती जगते. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे त्यांनी पुन्हा सांगितले. जपानचा इतिहास या सिद्धान्ताचा परदेशातून आलेला पुरावा आहे. तेथे कायदा बदलला, धंदे बदलले, शहरे बदलली. पण सोयरीक जुळवितानाची चौकशी बदलली नाही, म्हणून जात उरली.

हा सिद्धान्त वऱ्हाडच्या भूमीवर पडताळून पाहता येतो. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता. एरवी जेथे नाटके होत, त्या रंगमंचावर त्या दिवशी खऱ्या आयुष्यातील निषिद्ध गोष्ट उच्चारली गेली. मंदिराच्या व्यवस्थापकांशी बोलणी व्हावीत म्हणून सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला; पण बोलायचे ते उघड बोलून झाले होते. त्याच वर्षी, अंबादेवीच्या लढ्याच्या बाजूने उभे राहिलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांनी मुंबईच्या सोनार समाजातील विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. मंदिराचे दार आणि सोयरिकीचे दार, दोन्हींवर अमरावतीत एकाच वर्षी थाप पडली. पहिले दार कायद्याने उघडले. दुसरे कायद्याने उघडत नाही.

वऱ्हाडची दुसरी देणगी म्हणजे गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव, तर मूर्तिजापूरकडील दापुरे हे आजोळ. म्हणजे अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांच्या मातीत ते वाढले. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाचे जेवण घालण्याची रूढी त्यांनी मोडली, गोड जेवण घातले आणि भावकीचा रोष पत्करला. पुढे त्यांच्या कीर्तनाने गावोगावी जे केले, ते आजच्या भाषेत कौटुंबिक नाट्यच होते. समोरच्या माणसाला वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारावयाचा, उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घ्यावयाचे आणि सगळ्या गावासमोर कर्ज काढून केलेला सण, बोकडाचा नवस, विटाळ उघडा पाडावयाचा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले. आज अमरावतीचे विद्यापीठ गाडगेबाबांच्या आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ पंजाबरावांच्या नावाने ओळखले जाते. नावे मोठी झाली. पण त्यांनी मोडलेली रूढी घरात मोडली का, हा प्रश्न नावांनी सुटत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ चा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो. उशिमात्सुने गुडघे टेकून आपले कूळ सांगितले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी उभे राहून आपला जुना धर्म टाकल्याचे सांगितले. कोणी क्षमा मागितली नाही. झाकण्याचा मार्ग आणि शरमेने कबूल करण्याचा मार्ग, या दोहोंहून वेगळा असा हा तिसरा मार्ग होता. धम्मदीक्षेने जात लपविली नाही. तिचा अधिकारच नाकारला.

म्हणूनच पुढचे बोलणे कटू असले तरी करणे आवश्यक आहे. वऱ्हाडात वानखडे, इंगळे अशी आडनावे एकाहून अधिक समाजांत आढळतात. आडनावावरून उलगडा होत नाही, म्हणून मूळ गाव विचारले जाते, आजोळ विचारले जाते. दुसऱ्यांनी आपल्याला असे विचारले की आपण दुखावतो आणि ते योग्यच आहे. पण आपल्या घरी मुलगी पाहावयास पाहुणे येतात, बुद्धवंदना होते, त्रिशरण-पंचशील होते आणि चहा झाल्यावर हळूच विचारले जाते : तुम्ही सोमवंशी की लाडवण, बावणे की कोसरे? साडेबारा पोटजातींचे हे गणित विहारात सोडून आलो, असे आपण म्हणतो. सोयरिकीत मात्र ते पुन्हा मांडतो. मुलाने वा मुलीने आपल्या पसंतीचा जोडीदार निवडला की आईचे अश्रू, वडिलांचा अबोला आणि ‘लोक काय म्हणतील’ हा धाक सुरू होतो. जपानी मालिकेतील त्या घराहून हे घर वेगळे कसे?

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आईवडिलांची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना पापापासून परावृत्त करणे, सन्मार्गाला लावणे, शिल्प शिकविणे, योग्य जोडीदाराशी विवाह लावून देणे आणि वेळेवर वारसा सोपविणे, अशी ती पाच कर्तव्ये. यात योग्य जोडीदार म्हटले आहे, सजातीय म्हटलेले नाही. योग्य कोण, याचे उत्तर वसल सुत्तात आहे : माणूस जन्माने हीन वा श्रेष्ठ ठरत नाही, तो कर्माने ठरतो. ही दोन सुत्ते एकत्र वाचली म्हणजे आईबापांचे विवाहविषयक कर्तव्य स्पष्ट होते. मुलाच्या शीलाची चौकशी करावी. कुळाची करू नये.

जपानच्या दूरचित्रवाणीने अनेक बंद दारे उघडली, पण एका दारापुढे ती बहुधा थबकली. त्यांना दोष देण्याआधी आपण आपल्या घरातले तेच दार उघडून पाहिले पाहिजे. उशिमात्सुच्या बापाने मुलाला जात झाकण्याची आज्ञा दिली. आपण मुलांना पोटजात राखण्याची आज्ञा देत असू, तर दोन्ही आज्ञांचे मूळ एकाच भयात आहे. ती आज्ञा मोडणाऱ्या मुलामुलींच्या पाठीशी विहाराने उभे राहावे, त्यांचे मंगल परिणय आपल्या पटांगणात लावून द्यावेत आणि पोटजात विचारणाऱ्या पाहुण्याला घरातील वडीलधाऱ्यानेच नम्रपणे सांगावे की, या घरात हा प्रश्न १९५६ साली संपला.