प्राणिकथा, क्रमिक पुस्तकांतील

मुलांना वाचन शिकवण्यासाठी मराठी शालेय पुस्तकांत घातलेल्या पशुपक्ष्यांच्या गोष्टी. छापील परंपरेचा आरंभ तंजावरचा. सरफोजी राजे भोसले यांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत निघाल्या. सेरामपूरला ‘हितोपदेश’ (१८१५) आणि मुंबईत ‘पंचोपाख्यान’ (१८२२) छापले गेले. शाळेत मात्र खरी रुळली ती सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ (१८२८). पंतोजींच्या शाळेत पोरे धूळपाटीवर मोडी गिरवीत. छापील पुस्तक बालबोधात असल्याने ही गोष्टच त्यांचे त्या लिपीतले पहिले सलग वाचन ठरे. पुढे मुंबई इलाख्यात मेजर कँडी यांच्या क्रमिक पुस्तकांनी हा प्रकार पक्का केला.

या कथा वाचनाला सोयीच्या का, हे अक्षरांत दिसते. ‘ससा’, ‘कासव’, ‘गाढव’, ‘उंदीर’ यांत जोडाक्षर नाही. काना-मात्रा येऊ लागताच मूल ही नावे वाचू शकते. कोल्हा आणि त्याची आंबट द्राक्षे, दोन्हीकडे जोडाक्षर. ती गोष्ट उशिरा आलेली बरी. शेवटी तात्पर्य छापण्याची चाल इसापाबरोबर आली आणि परीक्षेत प्रश्न होऊन बसली. वाचनाला तिचा उपयोग फारसा नाही. खरे काम करते ते पुनरुक्त संवादाचे वाक्य: दुसऱ्यांदा येते तेव्हा मूल ते ओळखते, तिसऱ्यांदा बोट न ठेवता म्हणते.

अशी पुनरुक्ती मराठीत इसापाच्या आधीपासून आहे. कावळ्याचे घर शेणाचे, दुसऱ्या पाखराचे मेणाचे, ही कथा तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या तोंडी आहे. घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि आतून दर वेळी नवी सबब येते, हे तिचे आजही घरोघर सांगितले जाणारे काऊचिऊचे रूप.

क्रमिक पुस्तके मात्र सगळ्या मराठी मुलखात एकाच वेळी पोचली नाहीत. उदाहरणार्थ, मराठवाड्यातले हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचा अंमल इथे नाही. त्यामुळे मराठी वाचायला शिकलेल्या मुलाची पुढची वाट अरुंदच. घरी सांगितल्या जाणाऱ्या काऊचिऊला मात्र शाळेची गरज नव्हती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या हिंगोली-कळमनुरीच्या मराठी शाळांत तीच पुस्तके आली जी पुण्या-रत्नागिरीत होती. स्वतंत्र हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा.