मिलेनियम पार्क : वाहनतळाच्या छपरावरील उद्यान

शिकागो शहराच्या गजबजलेल्या व्यापारी भागाला लागून, मिशिगन अव्हेन्यूच्या कडेला सुमारे साडेचोवीस एकरांचे मिलेनियम पार्क वसले आहे. पाहणाऱ्यास ते जमिनीवरचे उद्यान वाटते. प्रत्यक्षात ते एक अवाढव्य छप्पर आहे. खाली रेल्वेमार्ग व वाहनतळ आणि वर माती, हिरवळ, झाडे अशी त्याची रचना आहे.

रेल्वेचे रूळ आणि मोटारींनी व्यापलेल्या या जागेवर उद्यान उभारण्याची योजना महापौर रिचर्ड डेली यांच्या कारकिर्दीत १९९७ मध्ये आखली गेली. नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी ते २००० साली खुले व्हायचे होते. प्रत्यक्षात १६ जुलै २००४ उजाडला आणि १५ कोटी डॉलरचा मूळ अंदाज सुमारे ४७.५ कोटींवर गेला. निम्म्याहून अधिक भार शहराने उचलला; उरलेली रक्कम देणगीदारांनी दिली. प्रिट्झकर, क्राउन, लुरी ही त्यांची नावे आज उद्यानाच्या निरनिराळ्या भागांना आहेत.

या परिसरात इमारती उभारण्यावर जुने निर्बंध आहेत. त्यामुळे वास्तुविशारद फ्रँक गेरी यांचे उंच संगीतगृह ‘कलाकृती’ ठरवून त्यातून वाट काढण्यात आली. नियमाला बगल खरी. पण उन्हाळ्यात हिरवळीवर बसून विनामूल्य मैफली ऐकणाऱ्यांची तक्रार नसावी.

सर्वाधिक गर्दी असते ती मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांच्या ‘क्लाउड गेट’भोवती. पोलादाचे १६८ पत्रे जोडून, सांधे दिसेनासे होईपर्यंत घासून घडविलेले हे सुमारे शंभर टनांचे शिल्प. त्यात आकाश, गगनचुंबी इमारती आणि पाहणारा एकदमच उमटतात. शिकागोकर मात्र त्याला सरळ ‘बीन’, म्हणजे घेवड्याचा दाणा म्हणतात. शिल्पकाराला हे नाव प्रथम रुचले नव्हते. जवळच झाउमे प्लेन्सा यांच्या पन्नास फुटी मनोऱ्यांवर सामान्य नागरिकांचे चेहरे झळकतात, त्यांच्या तोंडातून पाणी उडते आणि मुले त्यात मनसोक्त भिजतात.

खासगी पैशाने सजलेली ही जागा कितपत सार्वजनिक, हा प्रश्न मात्र मिटलेला नाही. सप्टेंबर २००५ मध्ये एका मोटार कंपनीने आठ लाख डॉलर मोजून उद्यानाचा बहुतांश भाग दिवसभरासाठी घेतला आणि नागरिकांना दारातून परतावे लागले. मे २०२२ च्या गोळीबाराने वेगळीच चिंता उभी केली. शिल्पाजवळ एका सोळा वर्षांच्या मुलाचा त्यात बळी गेला. त्यानंतर गुरुवार ते रविवार सायंकाळी सहानंतर, सोबत प्रौढ व्यक्ती नसल्यास अल्पवयीनांना प्रवेशबंदी करण्यात आली.