आटा कोणाचा?

दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून माझ्या छोट्या मिलिंग मशीनसाठी बिडाचा एक व्हाइस आणला. त्याचा एक बोल्ट गहाळ होता. छिद्र मापले तर चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचे. घरात अर्ध्या इंचाचा बोल्ट होता. तो दोन फेरे सुरळीत गेला आणि अडकला. मी पान्याने जोर लावला, तसे छिद्रातले आटे सोलून निघाले. पिच गेज मग लावून पाहिला. बोल्टवर इंचाला 13 आटे होते, छिद्रात 12. बोल्ट अमेरिकी मापाचा होता, व्हाइस इंग्रजी. एका आट्याच्या या फरकामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

छिद्राच्या आत आटे पाडण्याचे हत्यार म्हणजे टॅप. टॅपवर जसे आटे, तसेच छिद्रात उतरतात. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे टॅप वेगळे असत. एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेल याची खात्री नसे, म्हणून जोडीवर खूण करून ठेवत. बोल्ट हरवला की दुरुस्तीसाठी मूळ कारखान्याकडेच जावे लागे.

हे चित्र बदलू लागले ते लंडनच्या हेन्री मॉडस्लीच्या कारखान्यात. 1800 च्या सुमारास त्याने आटे पाडण्याच्या लेथमध्ये मुख्य स्क्रू आणि बदलते गिअर यांची सांगड घातली. हवा तो आटा पुनःपुन्हा तंतोतंत पाडता येऊ लागला. मॉडस्लीने आपल्या कारखान्यापुरती मापेही ठरवली.

त्याच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ क्लेमंटने टॅपमध्ये एक साधी सुधारणा केली. टॅपची दांडी त्याने आट्यांपेक्षा बारीक केली. त्यामुळे आरपार छिद्रात टॅप उलटा फिरवून काढायची गरज उरली नाही, तो खाली निसटून पडे. 1828 च्या सुमारास त्याने कोणत्या जाडीला किती आटे हेही ठरवायला घेतले. चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचे सुटे भाग हाच क्लेमंट बनवत होता. पैशांवरून दोघांचे बिनसले आणि 1833 मध्ये काम थांबले. त्या कामासाठी बनवलेली खास हत्यारे क्लेमंटने स्वतःकडे ठेवली. खर्च दुसऱ्याने केला असला तरी हत्यार कारागिराचे, असा तेव्हाचा रिवाज होता. आटा कोणाचा, या प्रश्नाला त्या काळचे उत्तरही तेच होते: ज्याचा टॅप त्याचा.

मॉडस्ली आणि क्लेमंट या दोघांकडे काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ या उत्तराच्या पुढे गेला. त्याने अनेक कारखान्यांतले बोल्ट जमवले, त्यांच्या आट्यांची मापे घेतली आणि सरासरी काढली. 1841 मध्ये हा प्रस्ताव त्याने लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे मांडला. आट्याचा कोन 55 अंश, माथा आणि तळ गोलसर. हा 55 आकडा प्रचलित आट्यांच्या सरासरीतून आला. बहुधा म्हणूनच तो कोणाला फारसा परका वाटला नसावा.

अमेरिकेत 1864 मध्ये विल्यम सेलर्सने याला आक्षेप घेतला. 55 अंश मापणे अवघड आणि गोलाई घडवणे खर्चिक. त्याऐवजी 60 अंश आणि सपाट माथा असावा, म्हणजे साध्या कारागिरालाही अचूक काम जमेल. दोन्ही पद्धतींत पाव इंचाला 20 आटे, तीन अष्टमांशाला 16. अर्ध्या इंचाला मात्र 12 आणि 13. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची यंत्रे एकमेकांच्या सुट्या भागांनी दुरुस्त करताना ही तफावत फार महागात पडली. अखेर नोव्हेंबर 1948 मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी 60 अंशांच्या समान आट्यावर सह्या केल्या.

आपल्याकडे रेल्वे आणि गिरण्यांच्या यंत्रांबरोबर व्हिटवर्थचा आटा आला. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी सूत कारागिरांच्या तोंडी राहिले.

माझ्या व्हाइसचे छिद्र आता मोठे करणे भाग होते. पाच सुती व्हिटवर्थ टॅप मारला असता तर व्हाइसचे इंग्रजीपण टिकले असते. बराच विचार करून मी 16 मिलिमीटरचा मेट्रिक टॅप निवडला. व्हाइस मशीनच्या टेबलावर बांधला, 14 मिलिमीटरचे ड्रिल मारले आणि टेबल जागचे न हलवता स्पिंडलमध्ये सेंटर लावला. त्याचे टोक टॅपच्या मागच्या खळग्यात टेकवले की टॅप तिरका जात नाही. मग हँडलने हातानेच फिरवायचा. बिडाला तेल लागत नाही. काळी भुकटी साचली की उलटा फिरवून झटकायची. सेटमधले तीन टॅप क्रमाने उतरवले.

एका जुन्या हत्याराची खूण मी पुसली, हे मान्य. पण माझ्यानंतर तो व्हाइस ज्याच्या हाती जाईल, त्याला बोल्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल. जुना 12 आट्यांचा एक बोल्ट मी काढून डबीत ठेवला आहे.