४३व्या वर्षी जगात पहिला नंबर, तोही झिजलेल्या गुडघ्यांवर : रोहन बोपण्णाची कारकीर्द

२७ जानेवारी २०२४. मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरेनामध्ये रोहन बोपण्णा आणि त्याचा ऑस्ट्रेलियन जोडीदार मॅथ्यू एब्डन यांनी इटलीच्या बोलेली-वावासोरी जोडीला ७-६, ७-५ असं हरवलं. बोपण्णाचं पुरुष दुहेरीतलं हे पहिलंच ग्रँड स्लॅम विजेतेपद. दोन दिवसांनी नवी क्रमवारी आली आणि दुहेरीत पहिल्या क्रमांकावर त्याचं नाव झळकलं. वय ४३. त्याआधी पहिल्यांदाच नंबर वन होणाऱ्यांमध्ये सर्वात मोठा होता अमेरिकेचा राजीव राम, आणि तोही ३८ वर्षांचाच.

ज्या वयात बहुतेक टेनिसपटू निवृत्त होऊन समालोचन किंवा कोचिंग करत असतात, त्या वयात हा माणूस शिखरावर कसा पोहोचला?

बोपण्णाचा जन्म ४ मार्च १९८०चा, बंगळुरूतला. वाढला मात्र कूर्गमध्ये. घरी कॉफीचा मळा. कूर्ग म्हणजे हॉकीचा प्रदेश, त्यामुळे हॉकी आणि फुटबॉल दोन्ही तो खेळायचा. पण मुलाने एकट्याच्या बळावर खेळायचा खेळ निवडावा अशी वडिलांची इच्छा होती, म्हणून अकराव्या वर्षी हातात रॅकेट आली. पुढे पुण्यात नंदन बाळ यांच्याकडेही तो शिकला. २००२ मध्ये डेव्हिस कप पदार्पण झालं आणि २००३ मध्ये तो व्यावसायिक खेळाडू बनला.

सव्वासहा फुटांहून जास्त उंची आणि तोफेसारखी सर्व्हिस असूनही एकेरीत तो २१३व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. दुहेरीचं गणित वेगळं असतं. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद आणि ते एकट्याने सांभाळायचं. दुहेरीचं ३६ फूट, पण माणसं दोन. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १८ फूट. धावाधाव कमी, रॅली छोट्या. सर्व्हिस, रिटर्न आणि नेटजवळच्या हातचलाखीला जास्त किंमत. पैसा मात्र फार कमी. २०२४च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला साडेएकतीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, तर दुहेरीच्या जोडीला मिळून ७ लाख ३० हजार.

पाकिस्तानी जोडीदार

बोपण्णाचं नाव घराघरात पोहोचलं ते २०१० मध्ये. पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीसोबत त्याची जोडी जमली आणि लोकांनी तिला ‘इंडो-पाक एक्स्प्रेस’ म्हणायला सुरुवात केली. ‘युद्ध थांबवा, टेनिस सुरू करा’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश ते कपड्यांवर मिरवत. त्या वर्षी दोघांनी यूएस ओपनची अंतिम फेरी गाठली. संयुक्त राष्ट्रांतले भारत आणि पाकिस्तानचे राजदूत शेजारी बसून सामना बघत होते. ब्रायन बंधूंनी दोन्ही सेट टायब्रेकमध्ये जिंकले. मुंबई हल्ल्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, हे लक्षात घेतलं की त्या चित्राचं मोल कळतं.

त्यानंतरची काही वर्षं चढउताराची. २०१२च्या लंडन ऑलिंपिकआधी बोपण्णा आणि महेश भूपती यांनी लिएंडर पेसबरोबर खेळायला नकार दिला. भारतीय टेनिसमधला हा वाद चव्हाट्यावर आला, संघटनेने दोघांवर दोन वर्षांची बंदी घातली आणि प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. तिथे बंदीला स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये रिओला सानिया मिर्झासोबत तो मिश्र दुहेरीच्या उपांत्य फेरीत पोहोचला. ती लढत गेली, कांस्यपदकाचीही गेली. ऑलिंपिक पदक त्याला कधीच मिळालं नाही. २०१७ मध्ये कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीसोबत फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी मात्र त्याने जिंकली, तीही अंतिम सामन्यात दोन मॅच पॉइंट वाचवून.

गुडघे आणि योग

तोवर गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजून गेली होती. दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या घेऊन तो खेळत असे. लॉकडाउनच्या काळात त्याने अय्यंगार योग सुरू केला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी घडवलेल्या या पद्धतीत दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्ची यांचा आधार घेऊन आसनात बराच वेळ थांबायचं असतं. झिजलेली कूर्चा योगाने परत येत नाही. पण गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट झाले, की सांध्यावरचा भार हलका होतो. गोळ्या सुटल्याचं बोपण्णाने स्वतः सांगितलं आहे.

शरीर सुधारलं तरी निकाल लगेच बदलले नाहीत. २०२१ मध्ये पाच महिने एकही सामना जिंकता आला नाही. आता थांबतो, असा व्हिडिओ संदेशही त्याने बायकोला पाठवला. पण तो थांबला नाही, आणि खरी कारकीर्द बहुधा इथून पुढेच घडली. २०२२ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र ओपनमध्ये रामकुमार रामनाथनसोबत विजेतेपद मिळालं, त्याच वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी. २०२३ मध्ये एब्डन जोडीला आला आणि मार्चमध्ये इंडियन वेल्स जिंकून बोपण्णा मास्टर्स स्पर्धा जिंकणारा सर्वात वयस्कर खेळाडू ठरला. सप्टेंबरमध्ये यूएस ओपनची अंतिम फेरी, तिथे हार. लगेच हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेसोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण.

मग मेलबर्न. दुहेरीची क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर ठरते. त्यामुळे पहिला नंबर एका स्पर्धेचं बक्षीस नव्हता, वर्षभराच्या सातत्याचा हिशेब होता. अंतिम सामन्याच्या दोनच दिवस आधी पद्मश्रीही जाहीर झाली होती. मार्चमध्ये मायामी जिंकून त्याने स्वतःचाच वयाचा विक्रम मोडला.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये श्रीराम बालाजीसोबत तो पहिल्याच फेरीत हरला आणि भारताकडून खेळणं त्याने तिथेच थांबवलं. टूरवर आणखी सव्वा वर्ष काढून १ नोव्हेंबर २०२५ रोजी वयाच्या ४५व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. शेवटचा सामना पॅरिस मास्टर्समध्ये, कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुबलिकसोबत. बुबलिक त्याच्यापेक्षा १७ वर्षांनी लहान आहे.